सर्दीची गोळी आणि तुंबलेली लघवी

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात माझं औषधाचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. हे प्रकरण माझ्याच गिऱ्हाइकाचं आहे. त्यात माझ्या दुकानातून गेलेलं गोळ्यांचं एक पाकीटही आहे, म्हणून ते मीच लिहायला हवं. घरच्यांना विचारून लिहिते आहे. गावाचं नि माणसाचं नाव सांगत नाही. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, मीही तसंच म्हणते.

तात्या ७२ वर्षांचे. सडपातळ, अजून रोज शेतावर जाणारे. रक्तदाबाची एक गोळी रोज सकाळी, ती मात्र कधी चुकवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी रात्री चार-पाचदा उठावं लागतं, धार बारीक झाली, म्हणून साताऱ्याला मूत्रविकाराच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे असं निदान झालं आणि लघवीची वाट सैल करणारं टॅमसुलोसिन सुरू झालं. चार महिने ते माझ्याकडून दर महिन्याला गोळ्या नेत होते. मग बंद झाले. बरं वाटायला लागलं आणि उठताना जरा गरगरायचं, म्हणून त्यांनी स्वतःच सोडून दिलं. ही नोंद माझ्या दुकानातल्या संगणकात होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे.

ऑक्टोबरात आमच्याकडे सोयाबीन आणि घेवडा एकदमच हाताशी येतात. पाऊस कधी गाठेल याचा नेम नसतो, त्यामुळे मळणी मशीन मिळालं की रात्र असो की दिवस, काम उरकायचं. मशीनच्या तोंडाशी उभं राहणाऱ्याला चार हातांवरचं दिसत नाही इतका धुरळा असतो. सोयाबीनच्या शेंगांवरची बारीक लव, वाळलेला पाला, माती, बुरशी, सगळं हवेत. बांधावर गाजरगवत फुललेलं असतंच. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलेलं हे तण आज आमच्याकडे एकही बांध सोडत नाही. त्याच्या परागांनी नाक चोंदतं आणि ते अंगाला लागलं की कातडी पेटते. तात्यांना हा त्रास दर वर्षीचा आहे. शिंका, नाकातून पाणी, डोळे लाल, कोपरापासून मनगटापर्यंत खाज.

मंगळवारी मळणी सुरू झाली, संध्याकाळी शिंका सुरू झाल्या. बुधवारी मुलाने गावातल्या किराणा दुकानातून सर्दीच्या चार गोळ्या कापून आणल्या. गुरुवारी दुपारी मी जेवायला घरी गेले असताना नातू माझ्या दुकानात आला आणि रिकामा कागद दाखवून "हीच द्या" म्हणाला. माझ्या मदतनीस मुलाने दहाचं पाकीट दिलं. कुणासाठी हवंय, हे त्याने विचारलं नाही. शुक्रवारी खोकला लागला. मुलगा माल घेऊन बाजाराच्या गावी गेला होता, तिथल्या दुकानातून खोकल्याचं औषध घेऊन आला. त्याच दिवशी हात इतके खाजायला लागले की शेजारच्यांनी त्यांच्याकडची खाजेची गोळी दिली. गांधी उठल्या की आम्ही हीच घेतो, झोप पण छान लागते, म्हणाले.

शनिवारी रात्री पावणेबाराला सुनेचा फोन आला.

"ताई, तात्या येड्यावानी कराय लागल्यात. मेलेल्या चुलत्याला हाका मारत्यात. बैल सुटलाय म्हणून अंधारात निघाले व्हते. आमच्याकडं दहा वर्सं झाली बैल न्हाई."

घरात दोन मतं पडली होती. मळणीच्या शेतात अमावास्येच्या सुमारास रात्री थांबले, काहीतरी लागिर झालं, हे एक. लकव्याचा झटका आला असेल, हे दुसरं. मी तिला चेहरा वाकडा झालाय का, दोन्ही हात वर करता येतात का, बोलणं जड झालंय का, ते विचारलं. तसलं काही नव्हतं. बोलत होते स्पष्ट, पण भलतंच. चादरीवरचं न दिसणारं काहीतरी चिमटीत पकडत होते.

मग मी विचारलं, लघवी कधी झाली?

"लघवी तर सारखी व्हतीया. धोतर वलं झालंय, दोनदा बदललं."

इथे माझी दहा मिनिटं वाया गेली. लघवी होतेय म्हणजे तुंबलेली नाही असं मी धरून चालले आणि ताप, साखर, पडले-झडले का, असल्या चौकशीत शिरले. बोलता बोलता ती म्हणाली की तात्या दोन दिवस सारखं घसा कोरडा पडतोय म्हणत होते, म्हणून चहाचे कपावर कप आणि तांब्या तांब्या पाणी चाललं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिला सांगितलं, त्यांना उताणं झोपव आणि बेंबीच्या खाली हात ठेवून बघ. ती गेली, परत आली. "ताई, पोटात कायतरी गोळा हाय. टणक. हात लावला की ओरडत्यात."

फुगून गच्च झालेल्या मूत्राशयातून थेंब थेंब बाहेर सांडतो, त्याने कपडे ओले होतात आणि घरच्यांना वाटतं लघवी होतेय. भांडं काठोकाठ भरल्यावर वरून ओघळावं, तसं ते असतं. हे मी शिकलेली होते, पुस्तकात वाचलेलं होतं. तरीही फोनवर "होतेय" हा एक शब्द ऐकून मी पुढे गेले. घरात म्हातारा माणूस असणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, म्हणून मी इतकं लांबवून लिहिते आहे.

मी सांगितलं, गाडी काढा. आणि घरात जेवढी औषधं असतील, रिकामी पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून बरोबर घ्या. मीही गेले.

तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टर बाईंनी तपासलं तेव्हा नाडी १०८, रक्तदाब १७०/९६. ताप नाही. साखर १३२. दोन्ही बाजूंच्या हातापायांत सारखी ताकद. जीभ इतकी कोरडी की टाळूला चिकटत होती. बुबुळांच्या मधले काळे ठिपके मोठे झालेले, टॉर्च मारली तरी हळू आकसत होते. पोटातला गोळा बेंबीपर्यंत आलेला.

लघवीची नळी घातली. पहिल्या काही मिनिटांतच पिशवी भरत आली आणि एकूण ११५० मिलिलिटर लघवी निघाली. निरोगी माणसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलिटरला राहवत नाही. तात्या नळी घालताना शिव्या देत होते. पिशवी भरली तसे शांत झाले, उशीवर मान टाकून त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की सून रडायलाच लागली. मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढून १.९ आलं. म्हणजे मागे साठलेल्या पाण्याचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचला होता. सोडियम १३४, फार बिघडलेलं नव्हतं. लघवीत जंतुसंसर्गाची ठळक खूण नव्हती. डॉक्टर बाईंनी ठरवलं की सकाळपर्यंत भान सुधारलं नाही तर डोक्याच्या स्कॅनसाठी साताऱ्याला पाठवायचं. तोवर सलाईन, तासातासाला लघवीचं माप, आणि एक माणूस सतत उशाशी. एवढी तुंबलेली लघवी मोकळी झाल्यावर कधीकधी मूत्रपिंडं भराभर पाणी सोडायला लागतात आणि माणूस सुकतो, म्हणून ते माप.

झोपेचं इंजेक्शन दिलं नाही. मला तो निर्णय फार मोलाचा वाटला. बडबडणाऱ्या म्हाताऱ्याला शांत करायचं औषध द्यावं असं नातेवाइकांनाच वाटत असतं, आणि त्यातली काही औषधं नेमकी याच आजारात भर घालणारी असतात. बाईंनी दिवा चालू ठेवला, सुनेला त्यांच्याशी बोलत राहायला सांगितलं आणि चष्मा लावून दिला.

त्या रात्री मी नि डॉक्टर बाईंनी पिशवी रिकाम्या खाटेवर उलटी केली आणि हिशोब मांडला.

सर्दीच्या गोळ्या: किराणातल्या चारही संपलेल्या, माझ्या दुकानातल्या पाकिटातल्या दोन उरलेल्या. म्हणजे चार दिवसांत १२. प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, नाक मोकळं व्हावं म्हणून घातलेलं फिनाइलएफ्रिन १० आणि क्लोरफेनिरामिन २. खोकल्याची बाटली १०० मिलिलिटरची, तळाशी बोटभर औषध. त्यातल्या पाच मिलिलिटरमध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन. तात्यांनी मापाचं टोपण वापरलंच नव्हतं, घसा सुकला की बाटली तोंडाला लावत होते. ८० मिलिलिटर धरले तरी दोन दिवसांत सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या आसपास. शेजाऱ्यांनी दिलेली खाजेची गोळी म्हणजे फेनिरामिन, २५ मिलिग्रॅमची, तिच्या सहा जागा रिकाम्या.

चार ठिकाणांहून, तीन तक्रारींसाठी, तीन रंगांची औषधं. एक सर्दीचं, एक खोकल्याचं, एक खाजेचं. घरच्यांच्या दृष्टीने तीन वेगळ्या गोष्टी. प्रत्यक्षात क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन आणि फेनिरामिन ही एकाच घराण्यातली तीन भावंडं आहेत. तिघीही हिस्टामिनविरोधी औषधं, तिघीही पहिल्या पिढीची.

हे घराणं जुनं आहे. धुरळ्यातला किंवा परागातला कण शरीराला शत्रू वाटला की ऊतींमधल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. ते ज्या जागी जाऊन बसतं तिथे खाज सुटते, सूज येते, नाक वाहतं. त्या जागा आधीच अडवून ठेवणारी औषधं शोधण्याची सुरुवात १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे यांनी केली, आणि पुढे १९५७ चं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. ॲलर्जीने हैराण झालेल्या कोट्यवधी लोकांना या औषधांनी सुख दिलं आहे, ते मी रोज बघते. पण पहिल्या पिढीतल्या औषधांना दोन खोडी आहेत. ती मेंदूत सहज शिरतात, तिथे हिस्टामिनच आपल्याला जागं ठेवत असतं, म्हणून झोप येते. आणि ती हिस्टामिनच्या जागांवर थांबत नाहीत, ॲसिटिलकोलिन नावाच्या दुसऱ्या निरोप्याचीही वाट अडवतात.

ॲसिटिलकोलिनची कामं बघितली की तात्यांचं सगळं चित्र उलगडतं. लाळ सुटणं त्याच्याच हुकमाने होतं, ते अडलं की तोंड कोरडं. बुबुळाचं भोक आकसणं त्याचंच. मेंदूत लक्ष लागणं, आठवण राहणं, आत्ता कुठे आहोत याचं भान असणं, यात त्याचा मोठा हात. म्हातारपणी मेंदूतली ही शिल्लक आधीच कमी झालेली असते, तिच्यावरच घाला पडतो. आणि मूत्राशयाची पिशवी आवळून लघवी बाहेर ढकलणं, तेही ॲसिटिलकोलिनचं काम.

पखालीचं उदाहरण देते. पूर्वी कातड्याच्या पखालीतून पाणी ओतताना एक हात पखाल दाबायचा, दुसरा तिच्या तोंडाची दोरी सैल करायचा. तात्यांच्या पखालीचं तोंड प्रोस्टेटने आधीच अरुंद केलेलं. इतके दिवस मूत्राशय जास्त जोर लावून काम भागवत होतं. तिन्ही औषधांनी दाबणारा हात लुळा पाडला. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन तर तोंडाची दोरी आवळण्याच्या बाजूचं. म्हणून तर प्रोस्टेट वाढलेल्यांनी ते घेऊ नये असा इशारा असतो. आणि दोरी सैल करणारं टॅमसुलोसिन त्यांनी सोडून दिलेलं. वर कोरड्या घशापायी तांब्यावर तांब्या पाणी आणि चहा. औषधानेच तहान लावली आणि औषधानेच वाट बंद केली.

फिनाइलएफ्रिनबद्दल मला आणखी एक सांगायचं आहे, कारण त्याचा मला मनापासून राग येतो. पोटात घेतलेल्या फिनाइलएफ्रिनने चोंदलेलं नाक मोकळं होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये काढला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ते बिनचिठ्ठीच्या औषधांतून काढण्याचा प्रस्ताव आला. आमच्याकडच्या सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत ते आजही आहे. लहान मुलांबाबत आपल्या केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापायला लावलं. आजोबांसाठी तसं ठळक काही छापलेलं मी पाहिलेलं नाही.

आता प्रमाणाचा मुद्दा. क्लोरफेनिरामिन दिवसाला सहा मिलिग्रॅम म्हणजे काही जगावेगळा डोस नाही, तिशीतला माणूस तो घेऊन थोडा पेंगतो आणि बरा होतो. पण हे औषध शरीरातून निम्मं उतरायलाच २० तासांच्या आसपास लागतात, म्हातारपणी त्याहून जास्त. दिवसातून तीनदा घेतलं की कालचं आजच्यावर चढतं. बुधवारची गोळी शनिवारी एकटी नव्हती, तिच्यावर अकरा गोळ्या आणि दोन नवे पाहुणे बसले होते. अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या संस्थेची वृद्धांना टाळावयाच्या औषधांची एक यादी आहे, मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली, २०२३ पर्यंत सुधारत आणलेली. पहिल्या पिढीची ही औषधं त्या यादीत ठळकपणे आहेत, आणि त्यामागची कारणं वाचली की वाटतं तात्यांचाच कागद वाचतोय: भ्रम, कोरडं तोंड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं.

कायद्याचं म्हणाल, तर आपल्याकडे "बिनचिठ्ठीची औषधं" अशी वेगळी यादीच कायद्यात नाही. जुनी हिस्टामिनविरोधी औषधं अनुसूची जी मध्ये येतात, म्हणजे वेष्टनावर "वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं" असा इशारा असायला लागतो. हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात परवान्याशिवाय काही घरगुती औषधं विकता येतात, साधं पॅरासिटामॉल त्यात आहे, पण अनुसूची जी मधलं काही मिसळलेलं असलं तर ती सूट लागू होत नाही. किराणात कापून मिळालेल्या त्या चार गोळ्या तिथे असायलाच नको होत्या. आणि कापून दिल्यामुळे इशारा छापलेला भाग दुकानातच राहिला. घरी आला तो नुसता चंदेरी तुकडा, त्यावर अर्धवट नाव.

पण किराणावाल्याला बोल लावून मला मोकळं होता येत नाही. माझ्याकडून पूर्ण पाकीट गेलं, इशाऱ्यासकट, पक्की पावती करून. संगणकात तात्यांच्या नावापुढे टॅमसुलोसिनच्या चार नोंदी होत्या. नातवाला "कुणाला पाहिजे रे?" एवढं विचारलं असतं तर तो "आजोबांना" म्हणाला असता. तीन शब्दांचा प्रश्न होता.

रविवारी दुपारपर्यंत तात्या सुनेला नावाने हाक मारायला लागले. संध्याकाळी त्यांनी मळणी पुरी झाली का आणि ताडपत्री टाकली का, असं विचारलं. सोमवारी पूर्ण भानावर होते. शनिवारची रात्र त्यांना आठवत नाही, फक्त पोटात कुणीतरी दगड ठेवलाय असं वाटत होतं, एवढंच सांगतात. डोक्याचा स्कॅन करावा लागला नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅमची दिसली. टॅमसुलोसिन पुन्हा सुरू झालं, यावेळी रात्री झोपताना घ्यायचं आणि सकाळी उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसायचं, असं समजावून. बुधवारी नळी काढून पाहिली. तीन तास काहीच नाही, घरचे धास्तावलेले. मग २२० मिलिलिटर, स्वतःहून. नंतरच्या सोनोग्राफीत मागे उरलेली लघवी ६० मिलिलिटर. क्रिएटिनिन १.२ वर आलं.

लघवीचा प्रश्न सुटला, पण शिंकांचा सुटला नव्हता. मळणीचे दिवस पुढच्या वर्षीही येणार होते, आणि "आता काही घेऊ नका" एवढं सांगून भागत नाही. ॲलर्जीने रात्र रात्र न झोपलेला माणूस शेवटी कुठूनतरी गोळी मिळवतोच.

डॉक्टर बाईंनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा लिहून दिला, मळणीच्या दोन आठवडे आधीपासून रोज. हा फवारा गोळीसारखा तासाभरात गुण देत नाही, पुरता लागू व्हायला काही दिवस जातात, आणि इथेच बरेच जण दोन दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात. तो कसा मारायचा हे मी तात्यांना दुकानात बाकावर बसवून शिकवलं: मान जरा खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला, आणि फवारल्यावर जोरात ओढायचं नाही. जोरात ओढलं की औषध घशात जातं आणि नाक कोरडंच राहतं. पहिल्या खेपेला त्यांनी तपकीर ओढल्यासारखं ओढलं. तिसऱ्या खेपेला जमलं.

गोळीची गरज पडलीच तर दुसऱ्या पिढीची. सेटिरिझिन सगळ्यांच्या ओठावर असतं, स्वस्तही आहे, पण ते बहुतांशी मूत्रपिंडांतून बाहेर पडतं, मूत्रपिंडं कमजोर असली तर डोस निम्मा करावा लागतो, आणि थोडी गुंगी त्यानेही येते. तात्यांसाठी बाईंनी फेक्सोफेनाडिन निवडलं, दिवसातून एकदा, तेही मूत्रपिंडाचा अहवाल बघून. हे औषध मेंदूत जवळजवळ शिरतच नाही आणि ॲसिटिलकोलिनच्या वाटेला जात नाही. त्याचा एक हट्ट आहे, ते पाण्याबरोबरच घ्यायचं. फळांच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही, आणि ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या औषधापासूनही दोन तास लांब ठेवायचं.

पहिल्याच आठवड्यात तात्या येऊन म्हणाले, "ताई, ही गोळी लागत न्हाई." मी विचारलं, शिंका येतात का? "न्हाई." खाज? "न्हाई." मग? "झोपच येत न्हाई हिनं."

हे मला दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. गुंगी आली म्हणजे औषध लागलं, ही समजूत इतकी पक्की आहे की गुंगी न आणणारं औषध लोकांना पाण्यासारखं वाटतं. दिवसभर राबून अंग आंबलेल्या माणसाला ती झोप हवीहवीशी असते, हे मला समजतं. पण तीच गुंगी घेऊन पहाटे कुणी ट्रॅक्टरवर बसतं, कुणी मळणी मशीनच्या तोंडात पेंढी सारत असतं. मी तात्यांना म्हटलं, झोपेची तक्रार वेगळी सांगा, तिचं वेगळं बघू. शिंकांच्या गोळीकडून झोप मागू नका.

दुकानात आम्ही आता एक गोष्ट बदलली आहे. सर्दी, खोकला, खाज यातलं काही मागितलं की मदतनीस मुलगा आधी कुणासाठी हवंय आणि वय काय, ते विचारतो. साठीच्या पुढे असेल तर लघवीला जोर द्यावा लागतो का, डोळ्यांत काचबिंदू आहे का, आणि घरात आणखी कुठली गोळी किंवा बाटली चालू आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा निघाला. लोक "काही नाही" म्हणतात. "खोकल्याचं औषध?" म्हटलं की "हां, ते आहे" म्हणतात. खोकल्याच्या बाटलीला कुणी औषध समजतच नाही. पुरुषांना लघवीबद्दल बाईने विचारलेलं अवघड वाटतं, म्हणून तो प्रश्न मुलगाच विचारतो, जरा बाजूला घेऊन. गर्दीच्या वेळी हे जमत नाही असा दिवस येतो. तेव्हा सर्दीची मिश्र गोळी साठीपुढच्या कुणालाही न देता नुसतं पॅरासिटामॉल आणि मीठपाण्याने नाक धुवायला सांगून पाठवतो. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यावरून रागावून दुसरीकडे गेली.

मागच्या मळणीला तात्या मशीनपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभे होते, तोंडा-नाकाला ओलं उपरणं, पूर्ण बाह्यांचा सदरा. फवारा दसऱ्याच्या आधीपासून चालू होता. गोळ्या लागल्या एकूण सहा. लघवी नीट.

दिवाळीच्या साफसफाईत सुनेने त्यांची पत्र्याची पेटी काढली, तेव्हा कागदांच्या खाली फेनिरामिनचं आणखी एक अर्धं पाकीट सापडलं. तिने ते पदराच्या गाठीत बांधून माझ्याकडे आणलं. चार गोळ्या होत्या. मी विचारलं, तात्यांना माहीत आहे का तू हे आणलंस? ती म्हणाली, "त्येंनीच दिलं. म्हणाले, ताईकडं नेऊन टाक, माझ्या हाताला लागाय नको."